पहिलं गीत कोण उचलणार?

देवपूर, धुळे.
रविवार, उपासनेनंतर आणि जेवणाआधी
(जेवणानंतर माणूस उदार होतो, म्हणून आधीच लिहायला बसलो आहे.)

तीर्थस्वरूप कोकिळाअक्का हिच्या चरणी,

धाकट्या भूपेंद्राचा, गुडघे परवानगी देतील तितका वाकून, सलाम. (पत्रात तुला ‘आपण’ म्हणायचं ठरवलं होतं. पण पहिल्याच ओळीला तू हसली असतीस आणि दाजींना बोलावून वाचून दाखवलं असतंस, म्हणून ‘तू’च ठेवतो.) प्रभूच्या दयेने इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे हेमांगीचं खरोखर क्षेम आहे आणि माझं तिच्या म्हणण्याप्रमाणे आहे. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं आणि आता पाचोऱ्याच्या स्टेशनवर उभी असलेली गाडी कुठली हे तुला पुलावरूनच वाचता येतं, हे ऐकून फार बरं वाटलं. फक्त माझं अक्षर किती वाईट आहे हे त्या डोळ्याला आज प्रथमच कळेल, तेवढी तयारी ठेव. दाजींची साखर कमी झाली का? (रक्तातली. चहातली त्यांनी कमी केली नसणार.) अंगणातल्या लिंबाला यंदा फळ धरलं की अजून नुसते काटेच आहेत, तेही कळव.

आता फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारशील. तुझा फोन आला की हेमांगी तो स्पीकरवर टाकून भाजी चिरायला बसते, आणि मग माझ्या मनातलं सगळं मेथीबरोबर निवडलं जातं. शिवाय फोनवर तू मधेच ‘बरं मग?’ विचारतेस आणि माझी वाक्यं वाटेतच मोडतात. पत्राला ‘बरं मग?’ विचारता येत नाही. त्यातून हेमांगीने तुला मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला असेल. पाठवला असेल तर पाहू नकोस. पाहिला असशील तर विसर. विसरता येत नसेल तर निदान दाजींना दाखवू नकोस.

मुद्द्यावर येतो. (मी ‘मुद्द्यावर येतो’ म्हणालो की पाहुणे पाय पसरून बसतात, असं हेमांगीचं निरीक्षण आहे.) आमच्या मंडळीतली गीत उचलायची रीत तुला सांगायला नको, कारण ती आपल्या आबांनीच घालून दिलेली. आबांच्या काळात पुस्तक चौघांना आणि चष्मा एकाला, म्हणून एकाने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी धरायची. आता सगळ्यांना वाचता येतं, भिंतीवर गीताच्या नंबरांची पाटी लागते, तरी रीत तीच आहे. पहिली ओळ एकाने एकट्याने म्हणायची, मग मंडळीने उचलायची. गेली चोवीस वर्षं ही पहिली ओळ मी म्हणत आलो. त्यातही कापणीच्या सणाचं पहिलं गीत म्हणजे मानाची जागा. समोर ज्वारीची कणसं, कपाशीची बोंडं, पपया, पाय बांधलेल्या कोंबड्या, सगळी मंडळी उभी, आणि एवढ्या मोठ्या शांततेत एकट्याचा आवाज. अक्का, मी शाळेत तीस वर्षं संस्कृत शिकवलं. तिथे माझ्या तोंडून काहीही निघालं तरी मुलं खिडकीबाहेर पाहतात. वर्षातून एकदा दोनशे माणसं माझ्या तोंडाकडे पाहतात ती त्या एका ओळीपुरती. यंदाचं माझं पंचविसावं वर्ष. मनातल्या मनात मी शालसुद्धा पसंत करून ठेवली होती.

तर मार्च महिन्यात मगन आला.

मगन म्हणजे सावद्याहून केळीची गाडी आणणारा ड्रायव्हर. मूळचा साक्रीकडचा, वय पस्तिशीचं, खांदे गाडीच्या फाळक्याएवढे. इथे केळी पिकवायच्या वखारीत माल उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी परत, असा त्याचा क्रम. त्या रविवारी वखारीची किल्ली वेळेवर मिळाली नाही, म्हणून हा आमच्या उपासनेत येऊन मागे चपलांजवळ बसला. (देवाच्या योजना अगाध आहेत हे मी चोवीस वर्षं गातो आहे. ती योजना एका वखारीच्या किल्लीत असेल असं वाटलं नव्हतं.) मी त्या दिवशी गीत उचललं ते नेहमीप्रमाणे सावकाश, आधी थोडी आलापी करून. थोडी म्हणजे चारेक मिनिटं. तानुबाई नेहमीप्रमाणे तिसऱ्या मिनिटाला झोपल्या. ही ऐंशी वर्षांची बाई पहिल्या बाकावर बसते आणि दर रविवारी दारात मला सांगते, “मास्तर, तुमनं गानं लई गोड. माले लगेच झोप लागी जास.” मी हे वर्षानुवर्षं स्तुती म्हणून घेत आलो आहे.

मग पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं आहे का. (आपले नवे पाळक अभिमन. तरुण आहेत, हसतमुख आहेत, आणि कुणालाही काहीही विचारतात.) मागून हा उठला. म्हणाला, “माले बोलता येत नही. गाऊ का?” आणि परवानगीची वाट न पाहता सुरू झाला. ना पेटी, ना पट्टी. हातात एक झांज, तिचीही एक वाटी तडकलेली. गीत असं:

बठ्ठा गाव निजी गया, देव मना जागा शे,
मना फाटेल धोतरले त्याना हातना धागा शे.

(ही ओळ वाचून तू थांबली असशील तर थांबू नकोस. पुढे वाच. तुला काही आठवल्यासारखं वाटत असेल तर तो नव्या डोळ्याचा परिणाम असेल.)

एवढंच. एकच कडवं, आणि ते सात वेळा. मी मोजलं. दुसऱ्या वेळेला बायका टाळ्या वाजवू लागल्या. तिसऱ्या वेळेला मागच्या बाकावरचे कॉलेजातले मुलगे, जे माझ्या गीताला ओठ फक्त शोभेपुरते हलवतात, ते मोठ्याने म्हणू लागले. पाचव्या वेळेला तानुबाई जाग्या झाल्या. सहाव्या वेळेला उभ्या राहिल्या. गुडघा बदलल्यापासून ही बाई प्रार्थनेलाही उठत नाही, पाळकसाहेब तिच्यासाठी जागेवर येतात. ती उभी राहून डोळे मिटून डोलत होती. आणि सातव्या वेळेला माझ्या शेजारून हेमांगीचा आवाज आला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, ही बाई मंडळीत गाते हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, “तुमच्या गाण्यात मधे शिरायला जागाच नसते हो.”

मी निःपक्षपातीपणे विचार केला. (मी नेहमीच करतो. निकाल बहुतेक वेळा माझ्या बाजूने लागतो, हा योगायोग.) गीतात मात्रांचा मेळ नाही. आणि सगळा गाव निजल्यावर परमेश्वराला फाटकं धोतर शिवायला बसवलं आहे! मी पाळकसाहेबांना एकीकडे घेऊन म्हटलं, की स्वर्ग आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्याला असं शिंप्याच्या कामाला लावणं उपासनेला शोभतं का. ते म्हणाले, “सर, आदामाला पहिला अंगरखा कुणी शिवून दिला?” आणि हसून निघून गेले. तरुण पाळकांना इतकं पाठ असणं बरं नाही.

यानंतर माझ्या हातून दोन गोष्टी घडल्या. त्या तुला सांगतो, कारण तू कुठल्या ना कुठल्या मार्गाने त्या ऐकशीलच.

पहिली गोष्ट पट्टीची. मगन दर रविवारी येऊ लागला. पाळकसाहेबांनी मला सांगितलं, सर, त्याला तुमच्याबरोबर पुढे उभा करा. मी केला. माझी पट्टी काळी एक, हे साऱ्या धुळ्याला माहीत आहे. त्या दिवशी मी पेटी एकदम बरीच वर, पांढरी पाचवर धरली. हेतू शुद्ध होता: नवख्या माणसाला आपल्या मर्यादा लवकर कळलेल्या बऱ्या. तर मगन काहीच न कळल्यासारखा वर चढला, जसा तो घाटात गाडी चढवत असेल, गियर बदलल्याचा आवाजसुद्धा नाही. मर्यादा कळली ती मला. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर माझा आवाज मांजरपाटाचा तागा टरकावल्यासारखा फाटला आणि त्यातून काहीतरी निराळंच बाहेर पडलं. घरी येऊन हेमांगी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, “कापणीचा सण लांब आहे ना अजून? लोक कोंबडे आतापासूनच आणायला लागले वाटतं.” (तो व्हिडिओ याचाच आहे.)

दुसरी गोष्ट नियमाची. मी पंचांच्या बैठकीत ठराव मांडला, की उपासना मंदिरात फक्त आपल्या मंडळीच्या छापील पुस्तिकेतलीच गीतं म्हणावीत. कारण म्हणून शुद्ध शिकवण, एकवाक्यता, पुढची पिढी असे जड शब्द वापरले. पंच जड शब्दांना घाबरतात. ठराव पास झाला. मगनला वाचता येत नाही हे मला माहीत होतं. लिहून टाकतो, अक्का, म्हणजे तुला ओळींच्या मधे वाचण्याचे कष्ट नकोत. मला ते माहीत होतं.

सोमवारी संध्याकाळी मगन दारात. खांद्यावर केळीच्या दोन फण्या, डोक्यावरची टोपी हातात. “सर, माले वाचता येत नही. तुम्ही सांगा, मी धरस.” मी काय करणार? आबांचीच रीत त्याने माझ्यासमोर ठेवली. आत घेतला. हेमांगीने त्याला चहा दिला तो पाहुण्यांच्या कपबशीत. मला नेहमीचा स्टीलचा पेला. तेव्हाच मी ठरवलं, याला पुस्तिकेतलं सत्त्याऐंशी नंबरचं गीत शिकवायचं.

सत्त्याऐंशी नंबरचं गीत माझं आहे. शार्दूलविक्रीडितात आहे. ऐन तारुण्यात रचलं, एकोणीस वर्षांपूर्वी पुस्तिकेत छापून आलं, आणि तेव्हापासून मंडळीने ते चार वेळा सुरू केलं आणि चारही वेळा पहिल्या कडव्याच्या मध्यावर सोडून दिलं. पहिल्याच चरणात चौदा अक्षरी समास आहे. मला वाटलं, मगन यात तीन महिने अडकेल, तोवर सण होऊन जाईल. अक्का, त्याला दोन संध्याकाळी लागल्या. मी ओळ सांगायचो, तो डोळे मिटून धरायचा, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. माझे दहावीचे विद्यार्थी असं धरते तर मी आज आनंदी म्हातारा होण्याच्या वाटेवर असतो. मधेच थांबून त्याने विचारलं, सर, ‘करुणावारिधी’ म्हंजे काय? मी नीट समजावलं: वारिधी म्हणजे समुद्र, ज्याची करुणा समुद्रासारखी आहे असा देव. त्याने बराच विचार केला. मग अगदी काळजीने म्हणाला, “मी समुंदर देखेल नही, सर. तापी चाली का?”

मी म्हटलं, चालेल. काय म्हणणार? पूर आलेली तापी मीही पाहिलेली आहे. समुद्र मात्र, आता तुला म्हणून सांगतो, मीही पाहिलेला नाही. पंचविशीत पाठ केलेल्या श्लोकांवरून उचलला होता.

रविवारी मगनने सत्त्याऐंशी नंबर उचललं. वृत्त तेच, शब्द तेच, पण त्याने चाल अशी काही ढिली सोडली की त्या समासाला घाम फुटून त्याचे आपोआप तुकडे पडले आणि प्रत्येक तुकडा माणसाच्या तोंडात मावू लागला. मंडळी पहिल्या कडव्यातून पार झाली. दुसऱ्यातून झाली. तिसरं कडवं मी स्वतःही कधी मोठ्याने ऐकलं नव्हतं. उपासना संपल्यावर दारात सगळे मगनचे हात हातात घेत होते. एकाने पाळकसाहेबांना विचारलं, काय सुंदर गीत, कुणाचं हो? पाळकसाहेब म्हणाले, “जुनं असावं.” तानुबाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, यांना तरी आठवलं. तर म्हणाल्या, “मास्तर, आज झोपच ऊनी नही!” आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्या दुकानावरून रित्या हाताने परत गेल्या.

तेव्हापासून माझी अवस्था विचित्र झाली आहे. इतर कवी दुसऱ्याच्या कवितेवर जळतात. मी माझ्याच गीतावर जळतो. हेमांगी पोळ्या लाटताना ते गुणगुणते, आणि मी आतून ओरडून सांगतो की ते मी लिहिलंय, आणि ती म्हणते, “माहितीये हो, पण मगनने म्हटल्यावर कळलं.” आमच्या शास्त्रकारांनी या विकारांची बारीक विभागणी करून ठेवली आहे. दुसऱ्याच्या गुणांत दोष काढणं ती असूया. दुसऱ्याचं चांगलं न सोसणं तो मत्सर. मी प्रथम असूयेचा मनापासून प्रयत्न केला. तीन महिने दोष शोधले. तो वेळेवर येतो. पुढे उभं राहायला सांगितलं तर मला विचारून राहतो. लोकांनी हात धरला की माझ्याकडे बोट करून ‘सरनी शिकाडं’ म्हणतो, म्हणजे मला धड अन्याय झाल्याचं समाधानसुद्धा नाही. असूयेला काही खायलाच मिळेना. तेव्हा राहता राहिला मत्सर, निव्वळ, बिनभेसळीचा. गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशाला नेमकी त्या राजाची गोष्ट घेतली, ज्याला वीणा वाजवणाऱ्या मेंढपाळ पोराची स्तुती सोसवेना आणि ज्याने त्याच्यावर भाला फेकला. सगळा वेळ मी खाली माझ्या हाताकडे पाहत होतो. भाला नव्हता. पेटीचा भाता होता.

आणि मत्सर टाळ्यांचा आहे म्हणावं, तर तेवढाच नाही. चोवीस वर्षं मी गायलो ते देव ऐकतो आहे असं धरून. तो ऐकतो का, हे कधी पडताळून पाहायची वेळ आली नाही, कारण तुलनेला दुसरं कोणी नव्हतं. आता मगन गातो तेव्हा डोळे मिटलेले असतात आणि चेहरा असा, की समोर कुणीतरी मान डोलावत बसलं आहे आणि याला ते दिसतं आहे. मी गाताना डोळे उघडे ठेवतो. कोण झोपलं ते पाहायला. हा फरक माझ्या लक्षात आला आणि तेव्हापासून मला जेवण जात नाही. (हेमांगी म्हणेल, जातं. तिचं ऐकू नकोस.)

आता खरं संकट. काल पंचांची बैठक झाली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी कापणीचा सण, आणि पहिलं गीत मगन उचलणार असं ठरलं. तेही ते धोतराचं! मी माझ्या ठरावाची आठवण दिली: छापील पुस्तिकेतलंच. तर पाळकसाहेब म्हणाले, “सर, तुमचा ठराव उपासना मंदिरापुरता आहे. सण मैदानात मांडवाखाली असतो.” ठरावाचा मसुदा माझाच होता, जागेचा उल्लेख मीच घातला होता. मग ते फार मायेने म्हणाले, “तुम्ही मार्गदर्शन करा.” मराठीत ‘मार्गदर्शन करा’ याचा अर्थ काय होतो हे तुला माहीत आहे. शाळेत ज्या शिक्षकांना ‘मार्गदर्शन’ करायला सांगतात, त्यांची खुर्ची व्यासपीठावर कडेला, कुंडीशेजारी असते.

म्हणून, अक्का, तू ये. चाळीसगावला उतरून धुळ्याची गाडी पकड आणि सणाच्या आदल्या शुक्रवारी इथे पोच. रुपचंद प्रचारकांची थोरली मुलगी म्हटल्यावर आजही इथले जुने लोक उठून उभे राहतात. आबा तापीकाठापासून साक्रीपर्यंत सायकलीवर गाणी सांगत हिंडले, कापणीच्या सणाचं पहिलं गीत या मंडळीत पहिल्यांदा त्यांनीच उचललं, आणि तो मान आपल्या घराचा आहे, एवढं तू पंचांसमोर उभं राहून सांग. रागावून सांग. तुझा राग पाचोऱ्यात प्रसिद्ध आहे. धुळ्यालाही त्याचा लाभ होऊ दे. मान घराण्याचा आहे, व्यक्तीचा नाही, यावर भर दे. ती व्यक्ती मीच आहे, हे ते आपले आपण ओळखतील.

दाजींना सलाम. मुलांना आशीर्वाद. इथे माझ्या बाजूने फक्त मीच आहे आणि माझाही भरवसा वाटत नाही, म्हणून उत्तर लवकर दे.

तुझा,
घराण्याचा (अजून तरी) गायक,
भूपेंद्र

ता. क. – येताना लिंबाचं लोणचं आण. हेमांगीला विचारलं तर ती नको म्हणेल. मला विचारलेलं आहे असं समज.

दुसरा ता. क. – जेवण झालं. (गेलं, थोडं.) वरचं सगळं परत वाचलं. राग आणू नकोस. तू ते गीत पहिल्या ओळीलाच ओळखलं असशील आणि तेव्हापासून माझी गंमत पाहत असशील, मग मी तरी किती ताणू? होय. ते आबांचंच आहे. मगनने तोंड उघडलं त्या रविवारी दुसऱ्या शब्दाला मी ओळखलं. इतके महिने कुणाला बोललो नाही, हेमांगीलासुद्धा नाही. मगन म्हणतो, त्याची मोठी माय, म्हणजे आजी, शेतात निंदताना ते म्हणायची. तिच्या लहानपणी सायकलवरून एक झांजवाले बाबा गावात यायचे, त्यांनी सांगितलेलं. त्या संध्याकाळी चहा पिताना त्याने मला विचारलं, “सर, याना पुढनं कडवं तुमले माहीत शे का? मनी मोठी माय एवढंच म्हने.” मी नाही म्हणालो. ते खोटं नव्हतं, आणि तेच तर दुखणं आहे. सातवीत असताना आबा मला न्यायला शाळेच्या फाटकाशी आले होते, तेच विटकं धोतर, आणि मी येईपर्यंत तिथेच झांजेवर हे गीत धरलं. मुलं हसली. मी जाऊन म्हटलं, “आबा, हे इथे नका म्हणू.” ते ‘बरं’ म्हणाले. झांजेच्या दोन्ही वाट्या वाजू नयेत म्हणून मुठीत घट्ट धरून त्यांनी त्या पिशवीत ठेवल्या. त्यानंतर माझ्यासमोर कधी म्हटलं नाही. मी संस्कृत धरलं, समुद्राबिमुद्राची गीतं रचली, आणि आबांचं गाणं केळीच्या गाडीवरून माझ्या मागे परत आलं, ते माझ्याकडे नाही, मगनकडे. आता सांग, मी जळू नको तर काय करू?

तिसरा ता. क. – तेव्हा पंचांपुढचं भाषण राहू दे. भाषणाऐवजी आबांची झांज आण. शेवटची वर्षं ते तुझ्याकडे होते, ती तुझ्या ट्रंकेत तळाशी असेल, त्यांच्या उपरण्यात गुंडाळलेली. मगनची एक वाटी तडकलेली आहे आणि तिचा आवाज मला सहन होत नाही, केवळ म्हणून. झांज त्याला द्यायची आहे असं मी म्हणालेलो नाही. सणापुरती वापरायला. नंतर मोजून परत. आणि दुसरं कडवं. ते तुला येतं, हे मला माहीत आहे. आबा पाचोऱ्याला तुझ्या ओट्यावर बसून ते म्हणायचे आणि मी आलो की थांबायचे. ते एका कागदावर लिहून आण.

चौथा आणि शेवटचा ता. क. – कडवं फक्त कागदावर. फोनवर गाऊ नकोस, हेमांगीचा स्पीकर आहे, आणि मगन आता आठवड्यातून तीनदा चहाला असतो. आधी त्याच्या कानावर पडता कामा नये. कारण असं बघ: पहिलं कडवं तो उचलेल, उचलू दे. पण दुसरं त्याला येत नाही आणि वाचताही येत नाही. म्हणजे भर मांडवात, दोनशे माणसांसमोर, कुणीतरी शेजारी उभं राहून ओळ सांगायला हवी, मग तो धरणार, मग मंडळी. आबांची रीत. तेव्हा नीट पाहिलं तर आबांच्या गाण्याचं न ऐकलेलं कडवं यंदाच्या सणाला पहिल्यांदा मीच उचलणार आहे. हे मगनला सांगू नकोस, तो आनंदाने हो म्हणेल आणि माझी सगळी मजा जाईल. आणि अक्का, अक्षर जरा मोठं काढ. ऐन वेळी माझ्या डोळ्यांचं काय होईल सांगता येत नाही. मोतीबिंदू आपल्या घराण्यातच आहे.